परेड टीव्हीवर, नातू गेटवर

या महिन्यात एकाच विषयावरची, सिंगापूरच्या सक्तीच्या लष्करी सेवेबद्दलची, चार पत्रं आली, तीही एकमेकांना अजिबात न ओळखणाऱ्या लोकांची. म्हणून सोसायटीचं पार्किंग, पेन्शनचे कागद वगैरे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत, रागावू नका.

प्रश्न : ताई, मी नौपाड्यात राहते, वय ७४. मुलगा-सून सिंगापूरला असतात, नातू इथेच ठाण्यात जन्मला पण दुसरीपासून तिकडच्या शाळेत. तिकडची बारावी झाली आणि लगेच त्याला मिलिटरीत नेलं, डोक्याचा पार चमनगोटा केलेला फोटो आला तेव्हा मी देवापुढे बसून रडले हो. आमच्या घराण्यात कोणी सैन्यात नाही, सगळे मास्तर नाहीतर कारकून. २०२५ च्या ९ ऑगस्टला त्यांचा राष्ट्रीय दिवस होता, ६० वर्षं झाली म्हणून मोठा सोहळा, देशाला सुट्टी, आणि नेमकी त्याच दिवशी आपली राखीपौर्णिमा. मी म्हटलं पोरगं घरी येईल, बहिणीकडून राखी बांधून घेईल, तर याला ड्युटी! आम्ही दुपारी जेवणं आटपून साडेतीनला टीव्हीवर युट्यूब लावून त्यांची परेड बघत बसलो, शेजारच्या काकूही आल्या, एकेक चेहरा बघितला, हा कुठे दिसेचना. रात्री फोन आला तर म्हणतो, आजी मी परेडमध्ये नव्हतोच, मी आमच्या कॅम्पच्या गेटवर होतो. सुट्टीच्या दिवशी गेटवर का उभं केलं? काही शिक्षा झाली असेल का? मुलगा नुसतं "असतं गं तसं" म्हणतो. आणि खरं सांगू का, मनात येतं की आपलं पोर दुसऱ्याच्या देशाची चाकरी का करतंय, पासपोर्ट तर अजून भारताचाच आहे. कधी सोडतील त्याला?
— एक आजी, नौपाडा, ठाणे

उत्तर : आजी, आधी जीव शांत करा. सुट्टीला ड्युटी लागली म्हणजे शिक्षाच असं काही नसतं, रोस्टरमध्ये नाव आलं की आलं. आज सुट्टी आहे म्हणून कॅम्पला कुलूप घालून सगळे घरी गेले असं होत नाही, आत शस्त्रं असतात, गाड्या असतात, गेटवर चोवीस तास कोणीतरी लागतंच, आणि ते कोणीतरी म्हणजे बहुतेक वेळा एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं. पण तुमची शंका अगदीच उगाच नाही हेही सांगते. तिकडे शिस्तीत काही चुकलं, बुक-इनला, म्हणजे कॅम्पात परत हजर व्हायला, उशीर झाला, रायफल नीट साफ नव्हती, की "एक्स्ट्रा" लावतात, म्हणजे जादा ड्युट्या, आणि त्या बरोब्बर शनिवार-रविवारी नाहीतर सुट्टीला येऊन बसतात. तेव्हा नातवालाच विचारा, "एक्स्ट्रा होती का रे?" तुमच्या तोंडून हा शब्द ऐकून तो आधी उडेल आणि मग खरं काय ते सांगेल.

माझा भाचा २०२२ ते २०२४ या काळात तिकडे ही सर्व्हिस करून आलाय, तुमचं पत्र मी त्याला फोनवर वाचून दाखवलं, तर त्याने व्हॉइस नोट्सवर व्हॉइस नोट्स पाठवल्या. एरवी या मुलाच्या तोंडून "हो", "नाही" आणि "खाल्लं" याच्या पलीकडे काही निघत नाही. छाप म्हणाला, फक्त नाव नको. त्याचंच ऐका.

"मावशी, आजींना सांग, पहिल्या दिवशी आईबाबांनाही सोबत नेतात. चांगीहून फेरीबोटीने पुलाऊ टेकोंग नावाच्या बेटावर, तिथे ट्रेनिंग सेंटर आहे. झोपायची जागा दाखवतात, कपाट दाखवतात, कुकहाऊसमध्ये आईबाबांना आपल्याच बरोबर जेवायला बसवतात. आमची आई काय करत होती माहितीये, ट्रेमधली डाळ चमच्याने ढवळून बघत होती पातळ आहे का. मग शपथ होते आणि पालकांनी बोटीकडे जायचं. आई बोटीवरून हात हलवत होती आणि मी तिकडे बघूच शकत नव्हतो कारण सार्जंटने सावधान दिलेलं. सावधान म्हणजे तिकडे 'सेदिया', परेडचे हुकूम मलयमध्ये असतात, चिनी पोरगं असो, तमिळ असो की ठाण्याचं, सगळ्यांना मलयमध्येच. पहिले दोन आठवडे घरी सोडत नाहीत. तिसऱ्या दिवशी रात्री दिवे गेल्यावर खोलीत कोणीतरी रडत होतं, कोण ते कोणीच विचारलं नाही, सकाळी सगळे नॉर्मल."

पहिल्या वर्षीच्या ९ ऑगस्टबद्दल त्याने जे सांगितलं ते मला आवडलं, कारण आपण तो सोहळा स्क्रीनवर बघतो आणि त्याच्या मागचं काहीच आपल्याला दिसत नाही. त्या वर्षी, म्हणजे २०२२ ला, परेड मरीना बे इथल्या पाण्यावर तरंगणाऱ्या प्लॅटफॉर्मवर होती. हा कूच करणाऱ्यांत नव्हता, मदतनिसांत होता.

"जूनपासून आमचे शनिवार गेलेच होते, रिहर्सल, मग परत रिहर्सल, मग पाचवीतल्या शाळकरी पोरांसाठी पूर्ण शो, मग प्रिव्ह्यू. प्रेक्षकांना प्रत्येकाला एक पिशवी देतात, फनपॅक म्हणतात, त्यात पाणी, खाऊ, पावसाचा पोंचो, हातात धरायचा छोटा झेंडा. त्या पिशव्या कोण भरतं? आम्ही. लांबलचक टेबलं, एकाने पाणी टाकायचं, दुसऱ्याने बिस्किटं, तिसऱ्याने झेंडा, मी झेंडावाला होतो. दुपारपर्यंत बोटांना झेंड्याच्या काडीने घट्टे पडलेले. सोहळ्याच्या दिवशी मी स्टँडच्या मागे पाण्याचे खोके उचलत होतो, परेड मी बघितलीच नाही, ऐकली. २१ तोफा ऐकल्या, विमानं डोक्यावरून गेली ती ऐकली, मग मोठा झेंडा घेऊन चिनूक हेलिकॉप्टर येतं त्याचा आवाज तर छातीत बसतो. त्या वर्षी पॅराशूटने उतरणाऱ्यांपैकी एक जण फार जोरात आदळला, मला काहीच दिसलं नाही, मी फक्त एवढं ऐकलं की हजारो लोक ओरडत होते ते एकदम गप्प झाले. आमचा सार्जंट म्हणाला, काम थांबवू नका. वाचला तो माणूस, पण तो आवाज बंद झालेला मला अजून आठवतो. शो संपल्यावर लोक मेट्रोकडे आणि आम्ही खुर्च्यांखाली. पडलेले झेंडे वेगळे गोळा करायचे, कचऱ्यात जाऊ द्यायचे नाहीत. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, अरे आम्ही १६ ऑगस्टला सकाळी तलावपाळीवर हेच करायचो."

दुसऱ्या वर्षी मात्र तो तुमच्या नातवासारखाच गेटवर होता. दोन तास उभं राहायचं, चार तास आत, परत दोन तास, असा चोवीस तासांचा रहाटगाडा. फोन जवळ नाही. हेल्मेट, जॅकेट, रायफल, आणि तिकडची हवा म्हणजे बारा महिने आपला मे महिना, फरक एवढाच की आपल्याकडे जूनला सुटका होते. आत गार्डरूमच्या टीव्हीवर परेड चालू. "राष्ट्रगीत लागलं तेव्हा आतले उभे राहिले, मी आधीच उभा होतो, आणि नेमका त्याच सेकंदाला फूड डिलिव्हरीवाला बाइकवर आला आणि इंजिन चालू ठेवून विचारतो, चिकन राइस कोणाचा? मी सावधानमध्ये. तो हॉर्न वाजवतोय. मी फक्त डोळे मोठे केले. मग त्याला आतून गाणं ऐकू आलं, त्याने इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं आणि तोही उभा राहिला. पार्सल ऑफिसरचं होतं." हे सांगताना तो इतका हसत होता की नोट अर्धी समजलीच नाही.

आणि अजून एक गोष्ट, जी मला वाटतं तुम्हाला बरी वाटेल. तिकडे सुट्ट्या सगळ्या धर्मांच्या असतात, चिनी नवीन वर्ष, ईद, नाताळ, दिवाळीसुद्धा सरकारी सुट्टी. तर पोरं आपापसात ड्युट्या बदलून घेतात. भाच्याने चिनी नवीन वर्षाला एका मित्राची गार्ड घेतली, तो मित्र आजीकडे जेवायला जाऊ शकला, आणि दिवाळीला त्या मित्राने याची घेतली. ९ ऑगस्टची सुट्टी मात्र सगळ्यांचीच, त्यामुळे त्या दिवशी अदलाबदलीला गिऱ्हाईक मिळत नाही! तुमच्या नातवाची राखीपौर्णिमा त्यात सापडली, हे खरंच नशीब.

आता चाकरीचं. आजी, तुमचं वाटणं मी खोडून काढणार नाही. पण थोडं मागे जाऊन सांगते. सिंगापूर ९ ऑगस्ट १९६५ ला मलेशियातून बाहेर पडलं, पडलं म्हणजे काढलंच. फौज म्हणाल तर पायदळाच्या दोन बटालियन. ली कुआन यू यांनी मदतीसाठी आपल्या लालबहादूर शास्त्रींना आणि इजिप्तच्या नासर यांना विचारलं होतं, तिथून काही जमलं नाही, मग इस्रायलचे सल्लागार आले, आणि शेजारच्या मुस्लिम देशांना कळू नये म्हणून त्यांना "मेक्सिकन" म्हणायचे. १९६७ च्या मार्चमध्ये सक्तीचा कायदा झाला आणि त्याच ऑगस्टपासून पोरं भरती व्हायला लागली. तेव्हा आईबाप असेच घाबरले होते. चिनी घरांत तर म्हणच होती की चांगल्या लोखंडाचे खिळे करू नयेत आणि चांगल्या मुलाला शिपाई करू नये. तुमच्या मास्तर-कारकुनांच्या घराण्यात वेगळं काय म्हणाले असते?

आणि तुम्ही ज्या मैदानावरची परेड युट्यूबवर बघितलीत ना, ते पडांग. तिथेच ५ जुलै १९४३ ला नेताजींनी आझाद हिंद फौजेची सलामी घेतली आणि "चलो दिल्ली" म्हणाले. मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ मजूर, ज्यांनी हिंदुस्थान डोळ्यांनी पाहिलाही नव्हता असे कित्येक जण त्या फौजेत आले. आपल्याकडे ९ ऑगस्ट म्हणजे क्रांती दिन, १९४२, गवालिया टँक, तिकडे ९ ऑगस्ट म्हणजे हा. कोण कोणत्या देशाचं हे इतकं सरळ कधीच नव्हतं हो. यावरून तुमचा नातू नेताजींचा सैनिक झाला असं मी म्हणत नाहीये, उगाच व्हॉट्सॲपवर फिरवू नका. एवढंच म्हणते की जिथे तो शाळेत शिकला, जिथे बसमध्ये चढून सगळीकडे हिंडला, जिथल्या मित्रांशी त्याचं जमतं, ते त्याला "दुसऱ्याचं" वाटतच नसेल, तुम्हाला वाटतं.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पर्मनंट रेसिडेन्सी, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, पीआर म्हणतात तिला, ती घेताना फॉर्मवर सही कोणी केली? मुलाने नाही. वडील नोकरीवर गेले, पीआर घेतली, मुलगा तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. वडिलांना स्वतःला सर्व्हिस लागत नाही, कारण मूळ अर्जदार सुटतो, त्याच्या अर्जावर पीआर झालेल्या मुलाला लागते. म्हणजे निर्णय बापाचा आणि दोन वर्षं पोराची. हे वाईटच असं नाही, पण घरात त्यावर कधी बसून बोलणं झालंय का? तुमचा मुलगा "असतं गं तसं" म्हणतो त्याअर्थी झालं नसावं. नातवाला पुढच्या फोनवर "जेवलास का" च्या नंतर एक प्रश्न जास्त विचारा, तुला कसं वाटतंय तिथे. तो "ओके" म्हणेल. मग गप्प बसा, फोन ठेवू नका. बोलेल.

कधी सोडतील तर दोन वर्षांनी. त्या तारखेला तिकडे ओआरडी म्हणतात आणि पोरं ती तारीख मोबाइलच्या स्क्रीनवर लावून ठेवतात. आता पुढचं बसून वाचा, आजी. त्यानंतरही दहा वर्षं, वर्षातून जास्तीत जास्त ४० दिवसांपर्यंत, राखीव दलाच्या ट्रेनिंगला बोलावणं येऊ शकतं. नोकरीला लागला, लग्न झालं, तरी. म्हणजे नातसुनेलाही त्याची ट्रेनिंगची बॅग भरून द्यावी लागणार आहे.

प्रश्न : माझी कंपनी मला सिंगापूरला पाठवतेय, कुटुंबासह. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ७. तिकडचे मित्र म्हणतात लगेच पीआर टाक, नंतर मिळत नाही, मुलाचं बघू पुढचं पुढे. आर्मीचं खरंच लागतं का? नंतर पीआर सोडून दिली तर चालतं का? बायको म्हणते आधी विचार.
— एक वडील, सीवूड्स, नवी मुंबई

उत्तर : बायकोचं ऐका. खरंच लागतं. मुलगा साडेसोळाचा झाला की नोंदणी, अठराला भरती. मुलीला लागत नाही, तिला हौस असेल तर ती आपणहून जाऊ शकते. नुसत्या वर्क पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर, राहिलात, मुलगा डिपेंडंट पासवर, म्हणजे तुमच्यावर अवलंबून म्हणून मिळणाऱ्या परवान्यावर, शिकला, तर त्याला हे काही नाही. पीआर घेतलीत आणि त्याचाही अर्ज तुमच्यात घातलात की तो यादीत आला.

मित्रांचं "पुढचं पुढे" हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. मुलगा १३ चा झाला की दीर्घकाळ परदेशी राहायला पाठवायचं तरी परमिट लागतं, कधी कधी बाँडसुद्धा. शाळा, ज्युनियर कॉलेज किंवा डिप्लोमा पुरा होईपर्यंत भरती पुढे ढकलतात, पण युनिव्हर्सिटीसाठी ढकलत नाहीत, म्हणजे इथे येऊन आयआयटी करू दे मग बघू हे जमणार नाही. तिथल्या युनिव्हर्सिट्या मात्र मिळालेली सीट दोन वर्षं राखून ठेवतात, ते चांगलं आहे. बोलावणं आल्यावर गेलाच नाही तर दहा हजार सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि हे कागदावरच राहिलेलं नाही, कोर्टात केसेस झाल्यात, पोरं तिशीत परत आली आणि आत गेली.

सर्व्हिस न करता पीआर सोडली तर? सोडता येते, पण मग त्या मुलाने पुढे कधी तिथे शिकायला, नोकरीला, राहायला अर्ज केला की ही गोष्ट त्याच्या विरोधात धरतात, आणि घरातल्या इतरांच्या परमिटवरही त्याची सावली पडू शकते. म्हणजे दार बंद होतं ते त्याच्यासाठी, आणि बंद करणारे आपण.

मी काय केलं असतं विचाराल तर, दोन वर्षं नुसत्या पासवर राहिले असते. मुलगा तेरा-चौदाचा होईपर्यंत त्याला तिथे आवडतंय का, मित्र झालेत का, का अजून प्रत्येक सुट्टीत नेरुळच्या मैदानावर क्रिकेट खेळायलाच पळायचंय, हे कळलं असतं. मग त्याला समोर बसवून सांगितलं असतं की असं असं आहे. तेवढ्यात पीआर मिळायची शक्यता कमी झाली तर झाली, हा धोका आहे, नाही म्हणत नाही. पण ज्याने दोन वर्षं रायफल साफ करायची त्याला विचारलं तरी असतं. तिकडे महाराष्ट्र मंडळ आहे, गणपतीला गेलात की असे आईबाप भेटतील ज्यांची मुलं आत्ता आत आहेत किंवा बाहेर पडलीत. एजंटला विचारण्याआधी त्यांना विचारा, आणि जमलं तर आईबापांना बाजूला ठेवून त्या पोरांनाच विचारा.

प्रश्न : ताई, मी एसवायला आहे. आमच्या ग्रुपवर वाद चाललाय की भारतातपण सगळ्यांना दोन वर्षं आर्मी कंपल्सरी करायला पाहिजे, मग १५ ऑगस्टला नुसतं स्टेटस टाकणारे सरळ होतील. तुम्हाला काय वाटतं?
— ऐरोलीची एक वाचक

उत्तर : मला वाटतं की असं म्हणणाऱ्या ग्रुपमधल्या किती जणांनी एनसीसीचा पहाटेचा तास न बुडवता केलाय ते आधी विचार. आपल्याकडे सैन्यात जाणारा प्रत्येक जण स्वतःहून जातो. घटनेच्या २३ व्या कलमात सरकारला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायची मुभा आहे, फक्त धर्म, वंश, जात, वर्ग बघून भेदभाव करायचा नाही, पण ती सैन्यासाठी कधी वापरलेली नाही, आणि गरजही पडलेली नाही, कारण एकेका जागेसाठी रांगा असतात. २०२२ पासून अग्निवीर म्हणून जी पोरं जातात, ती चार वर्षांसाठी जातात आणि त्यातली जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतात, बाकीच्यांनी परत येऊन काय करायचं यावर वाद घालायचा असेल तर तो जरूर घाला, त्यात अर्थ आहे. साठ लाखांच्या आसपासच्या एका शहर-देशाचं गणित दीडशे कोटींच्या जवळ गेलेल्या देशाला लावून कसं चालेल? नुसती अठरा वर्षांची मुलं धरली तरी दरवर्षी कोटीच्या घरात जातील, त्यांना झोपवणार कुठे, शिकवणार कोण?

आणि स्टेटस टाकणारे सरळ होतील म्हणतेस, तर भाच्याला हेही विचारलं. म्हणाला, "मावशी, आमच्यातले निम्मे तर गेटच्या बाहेर पडल्या पडल्या स्टेटस टाकायचे."

प्रश्न : मावसभाऊ सिंगापूरच्या आर्मीत आहे (सक्तीची). या वर्षी राखीबरोबर खाऊ पाठवायचाय. आमच्याकडे नारळी पौर्णिमा जोरात असते त्यामुळे ओल्या नारळाच्या वड्या पाठवाव्या असं आईचं म्हणणं, आणि त्याला अनारसे फार आवडतात. कॅम्पच्या पत्त्यावर पाठवलं तर पोचेल का? कधी पाठवू?
— एक बहीण, चेंदणी कोळीवाडा, ठाणे

उत्तर : अगं थांब, अनारसे अजिबात नको! अनारशाला खसखस लागते आणि खसखस तिकडे न्यायला बंदी आहे, अफूच्या झाडाची म्हणून, ड्रग्जच्या कायद्यात बसते. तुझा भाऊ युनिफॉर्ममधला, त्याच्या नावाने असलं पार्सल कस्टमला अडकलं तर त्याला नको त्या ठिकाणी उत्तरं द्यावी लागतील. मसाल्याच्या डब्यात, कोरड्या चटणीत, कशातच खसखस नको. सुकट-बोंबीलही नको, मासे-मटणाचं काहीच टाकू नकोस, कोळीवाड्यातून पार्सल जातंय म्हणून मुद्दाम सांगतेय. च्युइंगम तर १९९२ पासून बंद आहे.

ओल्या नारळाच्या वड्या तिकडच्या दमट हवेत दोन-तीन दिवसांत आंबतात, पार्सल पोचेपर्यंत काय उरणार. आईला म्हणावं खोबरं कोरडं भाजून, गूळ न घालता साखरेचाच पाक पक्का करून वड्या कर, किंवा सरळ चकली, कडक शंकरपाळे, लसणाची बुंदी पाठव. भाचा म्हणतो जास्त पाठव, कारण खोलीत दहा-बारा जण असतात आणि डबा उघडला की मालकाला दोनच मिळतात. चकलीला तिथल्या चिनी पोरांनी "स्पायरल" असं नाव ठेवलं होतं, आणि रविवारी हा परत आला की नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट "स्पायरल आणलं का?"

कॅम्पच्या पत्त्यावर नको, मावशीच्या घरच्या पत्त्यावर टाक, तो शनिवार-रविवारी बाहेर येईल तेव्हा त्याला मिळेल. दहा-बारा दिवस आधी कुरियर कर. फोन करायचा तर त्यांचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे हे लक्षात ठेव. शनिवारी दुपारच्या आत करू नकोस, आठवड्याची झोप काढत असतो. रविवारी संध्याकाळीही नको, तेव्हा त्याची बॅग भरायची घाई चालू असते. शनिवारी रात्री आपल्या आठ-साडेआठला लाव, तेव्हा सापडेल.